जखम किती दिवसांची? : त्वचेच्या कॅन्सरच्या खुणा ओळखताना

पोटातल्या किंवा फुप्फुसातल्या कॅन्सरचा माग काढायचा तर यंत्रे लागतात. त्वचेचा कॅन्सर मात्र उघड्यावर वाढतो. तो पाहायला दिवसाचा उजेड, एक आरसा आणि थोडे लक्ष एवढे पुरते. तरीही आपल्याकडचे बरेच रुग्ण डॉक्टरांपुढे येतात ते उशिराच. तोवर जखम वर्ष-दोन वर्षे वाहत असते, गाठ बोराएवढी झालेली असते, जांघेत किंवा काखेत अवधाण आलेले असते. रोग लपून बसलेला नव्हता. घरच्यांनी तो रोज पाहिला होता, त्यावर मलम लावले होते, पट्टी बांधली होती. दिसत होता, पण ओळखू आला नाही. पुढच्या पानांतली छायाचित्रे आणि वर्णने या ओळखीसाठी आहेत. ती पाहण्याआधी ओळख नेमकी कुठे चुकते हे समजून घ्यायला हवे, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

हा आजार गोऱ्यांचा, आपला नव्हे, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे आणि ती अर्धी खरी आहे. माणूस गोरा असो वा काळा, त्वचेतल्या रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या जातीचे मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात याचा. गडद मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर छत्री धरते आणि सूर्याची अतिनील किरणे अडवते. ज्यांच्याकडे ही छत्री पातळ आहे असे युरोपीय वंशाचे लोक प्रखर उन्हाच्या ऑस्ट्रेलियात वसले आणि त्वचेच्या कॅन्सरचे जगातले सर्वाधिक प्रमाण तिथे आढळू लागले. १९८१ साली तिथे अंगात सदरा, उघड्या त्वचेला क्रीम आणि डोक्याला टोपी यांचा प्रचार करणारी मोहीम सुरू झाली. तिथल्या कित्येक शाळांत आजही टोपी नसेल तर मैदानावर खेळायला मिळत नाही. मेलबर्न-सिडनीत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांनाही हा नियम लागू असतो. त्यामानाने भारतात मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, फारच कमी. दरवर्षी लाखात एकालाही होत नाही.

समजुतीचा उरलेला अर्धा भाग मात्र घातक आहे. त्वचेच्या कॅन्सरला ऊन हा एकच रस्ता नाही. भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षे न भरलेली जखम, एकाच जागी होणारे घर्षण, पाण्यातले आर्सेनिक, दुबळी झालेली प्रतिकारशक्ती आणि काही आनुवंशिक दोष हे सगळे रस्ते तिथेच पोहोचतात, आणि यांतल्या बहुतेक रस्त्यांवर मेलॅनिनची छत्री कामाला येत नाही. तळपायाला होणाऱ्या मेलॅनोमाचा तर उन्हाशी फारसा संबंधच नसतो. अमेरिकेतली आकडेवारी या बाबतीत बोलकी आहे. मेलॅनोमाचे निदान झाल्यावर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण तिथल्या गोऱ्यांत ९० टक्क्यांहून अधिक आहे, तर कृष्णवर्णीयांत ७० टक्क्यांच्या आसपास. रोग त्यांना क्वचित होतो, पण सापडतो तो उशिरा, आणि होतो तोही बहुधा अशा जागी जिथे कोणी पाहत नाही. कमी होतो म्हणून कमी धोक्याचा, हा हिशेब इथे चुकतो.

चूक फक्त रुग्णांची नाही. डॉक्टर ज्या पुस्तकांतून शिकले त्यांतली बहुतेक छायाचित्रे गोऱ्या त्वचेची. गुलाबी उंचवटा, लालसर चट्टा, फिक्या कातडीवर उठून दिसणारा काळा डाग, हे चित्र डोळ्यांत बसले की सावळ्या त्वचेवर तोच रोग जांभळा, राखाडी किंवा गडद तपकिरी होऊन आला तर नजर त्यावरून सरकून जाते. २०२० साली लंडनमधल्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांच्या साहाय्याने 'माइंड द गॅप' ही पुस्तिका तयार केली ती ही उणीव भरण्यासाठी. काळ्या आणि तपकिरी त्वचेवर लक्षणे कशी दिसतात हे तिने दाखवले. आपल्याकडेही रंगावर विसंबून चालणार नाही. सावळ्या त्वचेत रंग फसवतो, मुदत सहसा फसवत नाही. जखम किती दिवसांची आहे, ती भरते की भरल्यासारखी दाखवून पुन्हा उघडते, डाग तसाच आहे की पसरतो आहे, हे प्रश्न आधी विचारायचे आणि रंगाचा नंतर. या साऱ्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

आता रोगांकडे वळू. त्वचेच्या वरच्या थरात, म्हणजे बाह्यत्वचेत, तीन प्रकारच्या पेशी आपल्या कामाच्या आहेत. तळाशी असतात त्या बेसल पेशी. त्या सतत नव्या पेशी घडवतात आणि त्या पेशी वर सरकता सरकता चपट्या होतात. या चपट्या पेशींना स्क्वॅमस म्हणतात. तिसऱ्या रंगपेशी, तळच्या ओळीत मधूनमधून बसलेल्या. या तिन्हींपासून निघणारे तीन कॅन्सर म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि मेलॅनोमा. स्वभावाने तिघे अगदी निराळे.

बेसल सेल कार्सिनोमा जगात सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत संथ वाढतो. बहुधा चेहऱ्यावर येतो: नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, खालच्या पापणीवर, गालावर, कानामागे. पाश्चात्त्य पुस्तकात तो गुलाबी, अर्धपारदर्शक आणि वर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असलेला दिसतो. आपल्या त्वचेवर तो पुष्कळदा काळा किंवा तपकिरी आणि चकचकीत असतो, त्यामुळे तीळ किंवा मस समजून सोडून दिला जातो. त्याच्या कडेकडे नीट पाहावे. ती किंचित उंच, गोलसर आणि मोतिया चकाकीची असते. मधला भाग खचतो, त्यावर खपली धरते, तोंड धुताना खपली निघते, थोडे रक्त येते आणि पुन्हा खपली धरते. 'बरे होते आणि परत येते' हे रुग्णाचे वाक्य या रोगाची मोठी खूण आहे. चष्म्याची दांडी घासते, दाढी करताना कापते, अशी कारणे सांगत यात वर्षे निघून जातात. १८२७ साली डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी पापण्यांवरच्या अशाच व्रणांचे वर्णन केले होते. पुढे कुरतडल्यासारख्या दिसणाऱ्या या व्रणाला उंदराचे नाव चिकटले. हा कॅन्सर शरीरात दूर पसरत नाही म्हटले तरी चालेल, पण जिथे बसतो तिथे खात जातो. वेळेवर काढला तर छोट्या शस्त्रक्रियेत काम भागते. दुर्लक्ष झाले तर नाकाची कूर्चा जाते आणि डोळ्याची खोबणही जाऊ शकते.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचे रूप खरखरीत. सुरुवात एखाद्या खवलेदार चट्ट्याने किंवा चामखिळीसारख्या टणक उंचवट्याने होते. मग तो फुटतो, कडा बाहेरच्या बाजूला उलटतात, तळ हाताला कठीण लागतो, स्पर्श होताच रक्त येते आणि घाण वास सुटतो. उन्हात राबणाऱ्या माणसाचा खालचा ओठ ही याची एक ठरलेली जागा. ओठाची कातडी महिनोन्महिने सोलवटत राहिली आणि त्यातच एखादी टणक जागा तयार झाली, तर ते उललेले ओठ समजून तूप लावत बसू नये. तंबाखूचे व्यसन असेल तर मुळीच नाही. भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदींत त्वचेच्या कॅन्सरांमध्ये हाच पहिला दिसतो आणि तो उघड्या चेहऱ्याइतकाच, कधी त्याहून अधिक, पायांवर आणि जुन्या व्रणांवर सापडतो.

जुना व्रण आणि कॅन्सर यांचे नाते वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. जाँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदांनी १८२८ साली व्रणांवर वाढणाऱ्या अशा चिघळलेल्या जखमांचे वर्णन केले. भाजल्यावर किंवा दीर्घकाळ न भरलेल्या जखमेवर उठणाऱ्या कॅन्सरला म्हणूनच मार्जोलिनचा व्रण म्हणतात. काश्मीरमध्ये थंडीत फेरन या लांब झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसण्याची रीत आहे. तिच्या धगीने मांड्यांवर आणि पोटावर जाळीदार डाग पडतात आणि त्याच जागी पुढे कॅन्सर होतो, हे एल्म्सली या डॉक्टरांनी १८६६ सालीच लिहून ठेवले. लहानपणी चुलीवर भाजलेल्या किंवा आधण अंगावर सांडलेल्या माणसाच्या अंगावर तो व्रण जन्मभर असतो. भाजल्यावर वीस-तीस वर्षांनी त्या जागी कॅन्सर उठू शकतो. इतक्या वर्षांनी दुखणे आणि ती जुनी घटना यांचा संबंध रुग्णाच्या मनातही येत नाही. अशा व्रणावर नवे मांस वाढू लागले, कड उलटू लागली, सहज रक्त येऊ लागले किंवा आधी नसलेला वास आणि वेदना सुरू झाली, तर यांतले एकही लक्षण पुरेसे समजावे.

कमरेची कथा तर थेट महाराष्ट्रातली. मुंबईचे टाटा मेमोरिअल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी धोतराच्या कॅन्सरची नोंद केली. धोतर एकाच जागी घट्ट काचत राहिले की कमरेवर जखम होते आणि ती पुढे कॅन्सरमध्ये बदलते. नंतरच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या बायकांतही हाच प्रकार नोंदवला. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधले मधुबनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांचा वृत्तांत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यांतली एक नऊवारीखाली परकराची नाडी घट्ट बांधत असे. दुसरी परकर न घालता लुगडे कमरेला आवळून नेसत असे, तब्बल चाळीस वर्षे. एकीची जखम दीड वर्षाची होती, दुसरीची दोन वर्षांची, आणि दुसरीचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता.

या बातमीने तेव्हा बरीच घबराट पसरली, म्हणून प्रमाण सांगणे गरजेचे आहे. नाडीचा काळा पट्टा आपल्याकडे असंख्य बायकांच्या कमरेवर असतो. तो कॅन्सर नव्हे, आणि लाखो जणींना त्यापासून पुढे काही होतही नाही. साडी दोषी नाही, नाडीही नाही. दोषी आहे ते त्याच जागी, त्याच बाजूला, रोज होणारे काचणे आणि त्यातून झालेल्या जखमेकडे वर्षानुवर्षे केलेले दुर्लक्ष. काळ्या पट्ट्यावर पांढरट ठिपके उठले, कोंडा सुटू लागला, कातडी जाड होऊन चिरली, तर नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, गाठीची जागा बदलावी, घरात असताना सैल बांधावे. चिरेची जखम झाली आणि काचणे बंद करूनही ती भरली नाही, तर डॉक्टर गाठावा. करदोटा बांधणाऱ्या पुरुषांनाही हे सगळे लागू आहे.

याच ओघात तळपायाच्या जुन्या जखमांचा उल्लेख करायला हवा. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या पण पायाची संवेदना गेलेल्या माणसांना अशा जखमा वर्षानुवर्षे असतात. तिथे दुखत नाही, त्यामुळे तक्रारही होत नाही. मधुमेहींच्या पायावरच्या जखमेला तर 'शुगरची जखम' असे नाव एकदा मिळाले की पुढची चौकशीच थांबते. बहुतेक वेळा ते नाव बरोबरही असते. पण साखर आटोक्यात आली, पायावरचा भार कमी केला, नीट मलमपट्टी झाली आणि तरीही जखम भरत नाही, कडेने मांस वाढते आहे असे दिसले, तर जुन्या नावावर थांबू नये.

मेलॅनोमा या तिघांत सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत घातक. २०२२ साली जगभरात त्याचे सुमारे ३ लाख ३० हजार नवे रुग्ण झाले आणि ५८ हजारांच्या आसपास माणसे त्याने गेली. तो ओळखण्यासाठी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ साली इंग्रजी अक्षरांवर बेतलेली ए-बी-सी-डी ही खूणगाठ दिली आणि २००४ साली तीत ई जोडले गेले. मराठीत सांगायचे तर पाच गोष्टी पाहायच्या. डागाचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याशी जुळतो का? कड सरळ आहे की दातेरी, पुसट? रंग एक आहे की काळा, तपकिरी, निळसर, लाल असे अनेक? आकार ६ मिलिमीटरहून, म्हणजे पेन्सिलीमागच्या खोडरबराहून, मोठा आहे का? आणि डाग बदलतो आहे का? यांतला शेवटचा प्रश्न आपल्यासाठी पहिला. १९९८ साली फ्रेंच तज्ज्ञांनी आणखी एक सोपी खूण सुचवली. एका माणसाचे तीळ सहसा एकमेकांसारखे असतात, त्या मेळ्यात न बसणारा एकटा तीळ आधी दाखवावा.

पण या साऱ्या खुणा बेतल्या आहेत पाठ, दंड, पोटरी यांवरच्या डागांवर. आपल्यासारख्या त्वचेत मेलॅनोमा मुख्यतः तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली येतो. तळपायावर तो आधी शाई सांडल्यासारखा सपाट, वेडावाकडा डाग असतो. पुढे त्यातच गाठ उठते किंवा जखम होते. मग त्याला कुरूप म्हणतात, भोवरी म्हणतात, काटा मोडून आत राहिला म्हणतात, चप्पल लागली म्हणतात. शेतात अनवाणी चालणाऱ्या पायाला ही सगळी दुखणी खरोखरच होत असतात, म्हणून शंका येत नाही. ब्लेडने कुरूप तासताना काळे डाग खोल गेलेले दिसले, रंगीत कड दिसली, रक्त थांबेना, किंवा कुरुपावरचे उपचार करूनही दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर तासणे तिथेच थांबवावे. काही मेलॅनोमा तर रंगहीन असतात. लालसर, मांसल, जराशा धक्क्याने रक्त येणारी गाठ एवढेच त्यांचे रूप.

नखाची गोष्ट बॉब मार्ली या जमैकन गायकामुळे जगाला माहीत झाली. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली होती. ११ मे १९८१ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. नखाखालचा काळा रंग म्हणजे मुका मार की रोग, हे ओळखायला नखाची वाढ मदतीला येते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने. साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि मागे मुळाशी स्वच्छ नख उगवते. मेलॅनोमाची काळी उभी पट्टी मुळापासूनच निघते, जागा सोडत नाही आणि कालांतराने रुंदावते. आज फोटो काढावा, दोन महिन्यांनी पुन्हा काढावा, फरक समोर येतो. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर बारीक उभ्या रेषा असतात, त्या निरुपद्रवी. एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, मोठ्या वयात नव्याने आलेली आणि पसरणारी पट्टी संशयाची. तो काळा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला तर तातडी करावी. ही खूण जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ साली सांगितली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नखुरडे म्हणून पुन्हा पुन्हा चिरले जाणारे आणि तरी न बसणारे दुखणेही याच यादीत घालावे.

घाई कशासाठी, याचे उत्तर अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली मिलिमीटरमध्ये दिले. मेलॅनोमा त्वचेत किती खोल उतरला आहे त्यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी असताना काढला तर बहुतेक सगळे रुग्ण बरे होतात. काही मिलिमीटर खोल गेला की पारडे फिरते.

या तिघांखेरीज काही विरळ प्रकार आहेत. मायकोसिस फंगॉइडिस या नावात बुरशी असली तरी तो त्वचेतल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे. कपड्यांनी झाकलेल्या भागावर, नितंब, कंबर, मांड्या, छाती यांवर, त्याचे पातळ खाजरे चट्टे येतात आणि ते इसब किंवा नायटा म्हणून वर्षानुवर्षे मलमे खातात. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने चट्टा दबतो, त्यामुळे निदान आणखी लांबते. सावळ्या त्वचेवर तो कधी फिकट डागांच्या रूपात येतो आणि मग कोडाची किंवा कुष्ठरोगाची शंका येते. फिकट चट्टा दिसला की संवेदना तपासणे हे आपल्याकडच्या आरोग्यसेवकांना शिकवलेलेच असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात स्पर्श बधिर होतो, इथे तो शाबूत असतो. चट्टा बधिर नाही म्हणून विषय संपत नाही, एवढे लक्षात ठेवावे. मर्केल सेल कार्सिनोमा म्हणजे वृद्धांच्या चेहऱ्यावर किंवा मानेवर काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी, न दुखणारी, लाल-जांभळी गाठ. कापोसी सार्कोमाचे जांभळट डाग आणि गाठी एचआयव्हीची बाधा झालेल्यांत किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत अधिक दिसतात. झीरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक आजारात उन्हाने झालेली जनुकांची मोडतोड दुरुस्त होत नाही. बाळाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दाट ठिपके येतात, उजेड डोळ्यांना सोसत नाही आणि बालपणीच कॅन्सर होऊ शकतात. जवळच्या नात्यात लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांत हा धोका वाढतो, आणि मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची रीत ज्या घरांत आहे त्यांना हे माहीत असायला हवे.

ही यादी वाचून अंगावरचा प्रत्येक ठिपका तपासत बसायचे कारण नाही. साठीनंतर पाठीवर येणारे, वरून चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी खरबरीत डाग, गालांवरचे बारीक काळे मस, मानेवरच्या लोंबत्या चामखिळी, छातीवरचे लालचुटुक ठिपके, जन्मापासूनचे तीळ हे जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी. अनेक असलेले, एकमेकांसारखे आणि वर्षानुवर्षे न बदलणारे सोडून द्यावे. एकटे, नवे आणि बदलणारे दाखवावे.

दाखवण्याआधी आपल्याकडे घरगुती इलाज होतात आणि तिथे पुरावाच नष्ट होतो. चामखिळीला घोड्याचा केस बांधतात, मसावर चुना-सोडा लावतात, कुरुपाला बिब्बा घालतात. कॅन्सर असेल तर वरचा भाग जळून जातो, आतला वाढत राहतो. बिब्ब्याने भाजून झालेली जखम आणि मूळ रोग यांची अशी सरमिसळ होते की अनुभवी डोळाही चकावा. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा घाईच्या दवाखान्यात तीळ जाळून टाकणे हाही त्याच जातीचा प्रकार. डॉक्टरने संशयाची गाठ कापून काढली, तर ती केराच्या टोपलीत जाता कामा नये. फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून ती पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे. तपासलेल्या तुकड्याचा अहवाल घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावा. पुढे काही उद्भवले तर त्याच्याइतकी मोलाची चिठ्ठी दुसरी नसते.

'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही भीती मात्र उपचाराच्या आड सर्वांत जास्त येते. त्वचेच्या कॅन्सरचे निदान तुकड्याशिवाय होत नाही, आणि तो काढल्याने रोग पसरत नाही. गैरसमज का टिकतो तेही उघड आहे. उशिरा आलेल्या माणसाचा तुकडा काढला जातो, रोग आधीच पसरलेला असल्याने काही महिन्यांत तो खालावतो आणि गावात बोलणे होते ते तुकड्याविषयी. आधीच्या दोन वर्षांविषयी कोणी बोलत नाही. खरे तर तुकडा काढणे हे त्या जागेपुरती भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांत होणारे काम आहे.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात आपले अंग पाहावे. तळपाय, बोटांच्या बेचक्या, वीसही नखे, कंबरेचा घेर, ओठ, कानामागची जागा, जुने व्रण. पाठ आणि डोक्याची त्वचा स्वतःला दिसत नाही, तिथे नवऱ्याने बायकोची आणि बायकोने नवऱ्याची पाहावी, म्हाताऱ्यांची लेकीसुनांनी. शंकेची जागा सापडली तर तिच्याशेजारी रुपयाचे नाणे धरून फोटो काढावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, त्या दिवसाची तारीख लिहावी. चार आठवडे उलटूनही जखम भरली नाही, किंवा फोटोतला डाग आणि समोरचा डाग यांत फरक पडला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि तिथून जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाची चिठ्ठी मागावी. आशा कार्यकर्त्यांनी घरभेटीत मधुमेही, भाजलेले आणि कुष्ठरोगातून बरे झालेले यांची पावले मोजे-चपला काढायला लावून पाहिली, तर हा आजार लवकर सापडण्याची शक्यता कितीतरी वाढेल.

पुढची छायाचित्रे रोगाचे नाव ठरवण्यासाठी नाहीत. ते काम सूक्ष्मदर्शकाचे आहे, आणि चित्राशी चित्र जुळवून कोणी स्वतःला कॅन्सर ठरवू नये किंवा त्यातून मोकळेही करू नये. वाचकाने डॉक्टरांपुढे जाऊन दोन वाक्ये ठामपणे बोलावीत एवढेच या पानांकडून अपेक्षित आहे: 'ही जखम अमुक दिवसांची आहे. तुकडा तपासायला हवा का?' डॉक्टरांनी नको म्हटले तर तिसरेही विचारावे, 'मग पुन्हा कधी दाखवू?' आणि ती तारीखही कॅलेंडरवर लिहावी.